कनेला थांबली तेव्हा

प्रिय एफ्रेन,

तुझे फोन मी मुद्दामच उचलले नाहीत. फीनिक्समध्ये एसी विकून तुझा आवाज इतका गुळगुळीत झालाय की मला ऐकवत नाही. पत्रातलं अक्षर मोठं काढलंय, कारण तुला वाचायची सवय उरली नसेल. "आई, ही कसली घोडेस्वारी? घोड्यांची बस चालवतो आपण," असं म्हणून तू पागेतून निघून गेलास. तेव्हापासून पर्यटकांच्या घोड्यांच्या रांगेपुढे मी एकटीच असते. पुढे जाणारं कोणी नसलं की पागेला कुलूप, हे तुला वेगळं सांगायला नको.

बस तर बस. प्रवासी मात्र दिवसेंदिवस वाया चाललेत. टूसॉनच्या हॉटेलात हॅट विकत घ्यायची, किमतीची चिठ्ठी तशीच लोंबत ठेवायची आणि लगाम सोडून स्वतःचेच फोटो काढायचे. परवा एक बाई चोया निवडुंगाला कुरवाळायला निघाली. म्हणे, किती मऊ दिसतोय. म्हटलं, "कुरवाळा की. काटे उपटायचा कंगवा माझ्या खिशातच असतो." मग तिने हात मागे घेतला. आणि शनिवारी आला तो बोस्टनचा वकील. "मी लहानपणापासून घोड्यावर बसतोय," असं त्याने न विचारता सांगितलं. असं सांगणाऱ्याला आपण कोणता घोडा देतो? बिशप. दर झुडपापाशी थांबून चरणारा आपला म्हातारा बिशप. वकीलसाहेब बाजाराची पिशवी धरावी तसा लगाम धरून सगळ्यांच्या शेवटी डुलत होते. मला बरं वाटलं.

गेल्या आठवड्यात पाऊस झाला, ओढ्याला लोंढा येऊन गेला. शनिवारी ओढा कोरडा होता, म्हणून मी रांग नेहमीच्याच उतारावर आणली. तिथे कनेला थांबली. माझी घोडी, जी कधी वाटेत थांबत नाही. मागे सगळे बघत होते. मी तिला टाच मारली. ती हलली नाही. मी पुन्हा मारली, जोरात, शिवी देऊन. इतक्या वर्षांत तिला मी अशी कधी मारली नव्हती. तेवढ्यात मागे उतारावर उंच असलेला तो वकील ओरडला, "अहो बाई, पुढे वाटेची कड तुटलीय. दिसत नाही का तुम्हाला?"

नाही दिसली. तिच्यापासून चार पावलांवर होती आणि मला दिसली नाही. सगळ्यांना मागे फिरवून पागेत आणलं. डॉक्टरांनी वसंतातच सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेलीय, समोरचं दिसत नाही, कडेकडेने दिसतं तेवढंच उरलंय. मी कोणाला कळू दिलं नाही. सगळा उन्हाळा कनेला चालली आणि मी नुसती बसले, त्या हॅटवाल्यांसारखीच. तिच्या कुशीला माझ्या टाचेचा वळ आहे. रोज हात लावून बघते आणि मला माझीच लाज वाटते. म्हणून हे पत्र. एसी दुसरं कोणीही विकेल. तू ये आणि कनेलावर पुढे बस. मला बिशप चालेल.

तुझीच,
आई