दोन नंबरच्या खुर्चीवरची मेहेरबानी

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या भटक्या भाच्याचा नमस्कार. पत्र लिहायचं मी टाळत होतो हे आधीच कबूल करतो, म्हणजे तुझा निम्मा राग पहिल्याच ओळीत खर्च होईल. लिहायला बसलो नाही असं नाही. एकदा पेन सापडेना. पुढच्या वेळी पेन सापडलं, पण ते शोधताना जुना रेडिओ हाती लागला आणि तो उघडून बसलो (अजून उघडाच आहे). त्यानंतर सगळं होतं, फक्त तुला सांगण्यासारखं माझ्या हातून काही झालेलं नव्हतं. आताही झालेलं नाही, पण जे झालंय ते पोटात राहत नाही. तुझा गुडघा कसा आहे? काकांनी खोकल्याचं औषध घ्यायला सुरुवात केली, का बाटली अजून कपाटावरच आहे? वरच्या मजल्यावरच्या बाईंशी तुझं बोलणं सुरू झालं असेल अशी आशा करतो. नसेल झालं तर त्यांचंच चुकलं असणार.

सध्या मी कॉम्प्युटरवरच्या खेळांच्या एका हॉलवर कामाला आहे. (फेरीबोटीवरची नोकरी सुटली. त्यात माझी चूक निम्मीच होती, बाकी दोर भिजलेला होता. ते भेटल्यावर.) इथं पूर्वी लाँड्री होती. फरशीला अजून मोरीकडे उतार आहे, त्यामुळे चाकांच्या खुर्च्या हळूहळू मोरीकडे निघतात आणि गोळीबार रंगात आला की लोक एका पायानं जमीन धरून खेळतात. भिंतीवर धुलाईच्या यंत्रांचे नंबर रंगवलेले होते, दारापासून एक ते दहा. मालकीणबाईंनी ते पुसले नाहीत, त्यांच्याखालीच दहा कॉम्प्युटर मांडले. माझं काम म्हणजे शटर उघडायचं, हेडफोन पुसायचे, खेळ लावून द्यायचा आणि भांडणं सोडवायची. पहिली तीन कामं मला जमतात.

खेळ असा, की पाच जणांनी समोरच्या पाच जणांवर गोळ्या झाडायच्या. जो मेला त्यानं फेरी संपेपर्यंत हात बांधून बघत बसायचं. बाहेरच्या जगाशी खेळायला आमच्या वायरीत दम नाही, त्यामुळे हॉलमधल्यांनी हॉलमधल्यांनाच मारायचं. आणि हॉलमध्ये माणसं दोन जातीची. एक गंमतवाले: बेकरीवाला, दातांच्या दवाखान्यातल्या दोघी, एक बसड्रायव्हर आणि लिफ्टवाले आजोबा. आजोबांनी जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या, आता निवृत्त आहेत, एकटे राहतात, आणि जिने चढवत नाहीत म्हणून फक्त खेळातले चढतात. ही मंडळी बंदूक हातात घेऊन खिडकीतून देखावा बघतात, चुकून एकमेकांना मारलं तर माफी मागतात, आणि मेल्यावर पाव कुठला चांगला यावर बोलतात. दुसरे स्पर्धावाले. त्यांची म्होरकी औषधशास्त्र शिकणारी एक मुलगी, तिला सगळे कॅप्टन म्हणतात. ही पाच जणं हसत नाहीत. 'डावीकडे एक', 'दाराशी दोन', एवढंच बोलतात, जसं काही शब्दाला पैसे पडतात. कॅप्टन नऊ नंबरच्या खुर्चीवर बसते, खुर्चीची उंची बोटानं मोजते आणि तिच्या माउसला दुसऱ्यानं हात लावलेला तिला नुसतं बघून कळतो.

आता तूच सांग, अशा दोघांना एका मैदानात सोडल्यावर काय होणार? गंमतवाले म्हणायचे, नीट बसलोही नाही तोवर मेलो. स्पर्धावाले म्हणायचे, खुर्च्यांवर गोळ्या झाडल्या असत्या तर जास्त सराव झाला असता. मालकीणबाईंनी मला बोलावून सांगितलं की दोन्ही मंडळी टिकली पाहिजेत, एकट्या कोणाच्याही जिवावर हे शटर उघडं राहत नाही, आणि तू रिकामाच असतोस तर यावर डोकं चालव. (मी रिकामा नव्हतो, रेडिओ दुरुस्त करत होतो. पण ते असो.)

डोकं चालवलं. आधी वेळा वेगळ्या करून पाहिल्या. स्पर्धावाल्यांना मारायला कोणी उरेना, आणि गंमतवाले आपसात इतके सभ्यपणे खेळायला लागले की एक फेरी संपता संपेना. मग दोन्हीकडची माणसं मिसळून टीम केल्या. त्यात दवाखान्यातल्या एकीला स्पर्धावाल्या पोरानं विचारलं की तुम्ही डोळे मिटून खेळता का, आणि ती तिथल्या तिथं उठून गेली. दोन दिवसांनी परत आली ती हेडफोन न लावता, म्हणजे कोणाचं काही ऐकू येऊ नये. तेव्हा मला वाईट वाटलं, खरंच. एकाला संध्याकाळ चांगली जायला हवी असते, दुसऱ्याला निकाल खरा हवा असतो. दोघं एकच खेळ खेळतात असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं.

मग मी एक गुपचूप मेहेरबानी केली. खेळाच्या मुख्य कॉम्प्युटरवर अशी सोय आहे, की ठरावीक कॉम्प्युटरवर बसणाऱ्याला गोळी जरा हलकी लागते. इतर लोक चार गोळ्यांत मरत असतील तर तो पाचव्या-सहाव्या गोळीला मरतो. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. आजोबा रोज दोन नंबरला बसायचे (दाराजवळ, गुडघ्यांमुळे. तुला सांगायला नकोच). मी दोन नंबरच्या कॉम्प्युटरला ती सोय लावून दिली आणि कोणाला बोललो नाही.

मावशी, काय फरक पडला म्हणून सांगू. आजोबा आधी जरा वेळ जगायला लागले. मग जरा वेळ जगतोय म्हटल्यावर लपायला शिकले, वाट बघायला शिकले. एकदा जिन्याखाली दबा धरून त्यांनी ओळीनं तिघांना पाडलं. बेकरीवाल्यानं उठून त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवसापासून आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले. तिकडे कॅप्टनही पूर्वीपेक्षा फार फॉर्मात होती. दोन्हीकडे समाधान होतं, आणि मला वाटलं जगात पहिल्यांदाच आपल्या हातून काहीतरी नीट झालं.

तेवढ्यात कॅप्टनचा पाचवा गडी नोकरी लागून परगावी गेला. पलीकडच्या हॉलशी त्यांची मोठी मॅच या रविवारी आहे. कॅप्टन सगळ्यांच्या मागं उभी राहून खेळ बघत फिरली आणि तिनं पाचवे म्हणून आजोबांना निवडलं. आजोबांनी हो म्हणायच्या आधी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. मला मात्र घाम फुटला. पलीकडच्या हॉलमध्ये माझी दोन नंबरची खुर्ची नव्हती. तिथं ते चार गोळ्यांत मरणार होते, शंभर लोकांसमोर, इस्त्रीच्या शर्टात.

म्हणून मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी ते उभ्याउभ्याच ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे जिन्याखाली ते तिघं पाडले, तेसुद्धा खुर्चीनंच?"

मी म्हणालो, "खुर्चीनंच असणार, आजोबा."

त्यांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळली, खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "बरं झालं बाबा सांगितलंस." मग गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, नंतरही नाहीत. कॅप्टनलाही सांगावं लागलं. ती चिडली नाही, ते जास्त वाईट. म्हणाली, "मग इतके दिवस मी आजोबांशी खेळत होते, का तुझ्याशी?" तिनं पाचवी जागा रिकामीच ठेवली आहे. म्हणते, चार जण खेळू, हरायचं तर सरळ हरू.

तर असं आहे एकंदर. माझी तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होतं. तुझ्याकडे काही मागणी करण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही, हे मुद्दाम नमूद करतो. काकांना नमस्कार, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंना तुझ्या मर्जीनुसार.

तुझा आज्ञाधारक (प्रयत्न चालू आहे)
भाचा

ता. क. मागणी आहे. आजोबा त्यांच्या मुलीकडे राहायला गेलेत असं मालकीणबाईंकडून कळलं. तुझ्या घरासमोर जे चष्म्यांचं दुकान आहे ते त्या मुलीचं. जरा काच पुसून घ्यायच्या निमित्तानं जाऊन ये आणि ते जेवतात का, बोलतात का, कोणता शर्ट घालतात, एवढं बघून कळव. माझं नाव काढू नकोस.

आणखी एक ता. क. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, आज पुन्हा उघडलं. सकाळी वायरिंगवाला आला होता. त्याला मी म्हटलं की दोन नंबरची ती सोय आता काढून टाक. त्यानं दोन नंबर म्हणून भलताच कॉम्प्युटर उघडला, तर मी हसलो. मग तो हसला, आणि मी थांबलो. भिंतीवरचे नंबर दारापासून आहेत. पण त्यानं वायर दुसऱ्या टोकाच्या खिडकीतून आत घेतली होती, म्हणून कॉम्प्युटरचे नंबर त्यानं खिडकीपासून दिले. आतल्या हिशेबानं दोन म्हणजे भिंतीवरचा नऊ. मी लाँड्रीच्या नंबरावर विसंबून मेहेरबानी केली ती सगळी कॅप्टनवर. आजोबांना एका गोळीचीसुद्धा सूट नव्हती. त्यांना फक्त वाटायला लागलं होतं की आपण जरा जास्त जगतोय, का तर मीच रोज म्हणायचो, 'आज काय आजोबा, मरायचं नाव नाही.' ते तिघं त्यांनीच पाडले. तेव्हा माझं नाव खुशाल काढ आणि दुकानात जाऊन त्यांना हे सांग. मी सांगितलं तर मन राखायला नवी थाप मारतोय असं त्यांना वाटेल, आणि त्यांचं चुकणार नाही. कॅप्टनला कसं सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. सांगायचं आहे.

शेवटचा ता. क. हॉल बंद आहे, शटर अर्धं खाली आहे, आणि त्याखालून वाकून आत्ता कॅप्टन आली आहे. या वेळेला ती कधीच येत नाही. वायरिंगवाला तिच्याच गल्लीत राहतो, त्यानं तिला सांगून टाकलंय. ती नऊ नंबरला जाऊन बसली, रिकाम्या पडद्याकडे बघितलं आणि उठली. मी माफी मागायला लागलो तर म्हणाली, ते नंतर, आधी आजोबांचा पत्ता दे. मी म्हटलं, माझी मावशी तिथंच राहते, ती सांगेल. यावर ती म्हणाली, "मावशींवर ते विश्वास ठेवतील, पण मनातून नाही. माझं ऐकतील. यात तोटा माझाच आहे ना."

तिची बस अर्ध्या तासात आहे, म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता तिच्याच हातून पाठवतोय. म्हणजे तू हे वाचतेस तेव्हा ती तुझ्या दारात उभी असेल, केस मागं बांधलेली, फार न बोलणारी. तिला समोरचं दुकान दाखव. आजोबा रविवारी खेळायला यायला लगेच तयार झाले नाहीत तर तिला रात्री ठेवून घे. काका पत्ते काढतील, काढू देत. फक्त त्यांना बजावून ठेव, की पाहुणी आहे म्हणून तिला मुद्दाम जिंकू द्यायचं नाही.