एकोणीस धुरांड्यांची भिंत

२७ एप्रिल

तो माणूस विटा वाजवून बघत होता. बोटाच्या पेरानं, एकेक, कान लावून — कलिंगड घेताना वाजवतात तसं. मी दारात बॅग घेऊन उभी. मला बघितलं आणि हात खिशात घातला.

हा नेव्हिल. या घराच्या मालकीण मर्लबाई, त्यांच्या नवऱ्याचा पुतण्या. साठीचा असेल. नदीच्या मुखाशी सामन मासे पाळतात त्या पिंजऱ्यांवर कामाला आहे, अंगाला तोच वास. "रंगवायला येणार होती ती तूच का?" हो म्हटलं. "किती दिवस लागतील?" अजून बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती मी!

सफरचंदांची तोडणी संपली, तोडणीवाल्यांच्या खोल्यांना मंगळवारी कुलूप लागलं. दुकानातल्या फळ्यावर मर्लबाईंची चिठ्ठी होती — बैठकीच्या खोलीतली शेकोटीची भिंत पांढरी करायची आहे, राहणं-जेवण मिळेल. मी सांगितलं, रंगकाम येतं. बंडाबर्गला एका कॅरॅव्हान पार्कचे संडास रंगवलेत मी. म्हणजे येतंच की.

भिंत जमिनीपासून छतापर्यंत. काळीकुट्ट. मधे शेकोटीचं तोंड, वर जाड लाकडाची फळी. खोलीत शिरलं की गुहेत शिरल्यासारखं वाटतं. आणि विटा सगळ्या वेगवेगळ्या मापाच्या, जणू कुणी चोरून आणून लावल्यात.

बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. एकट्या. मला पूर्वेकडची खोली दिली, पलंगावर गरम पाण्याची पिशवी आधीच ठेवलेली. जेवायला मेंढीच्या मटणाचा रस्सा. दोनदा वाढला.

२८ एप्रिल

भिंत घासली. तीन बादल्या पाणी शाईसारखं झालं, भिंत तेवढीच काळी. बाई खुर्चीत बसून बघत होत्या, कोट घालून. काम चाललंय म्हणून शेकोटी बंद. कोपऱ्यात विजेचा छोटा हीटर आहे, त्यानं फक्त मांजर तापतं.

विटा घासताना मिलड्यूराचा एक माणूस आठवला, पाण्याच्या रिकाम्या टाकीत राहायचा. आत बोललं की स्वतःचाच आवाज परत यायचा, म्हणून त्याला एकटं वाटायचं नाही म्हणे. हे कशाला लिहिलं? असो.

३० एप्रिल

सुट्टी. नदीवर गेले. पाणी चहासारखं तपकिरी. झुडपातून दोन पॅडीमेलन निघाले, कांगारूची ती बुटकी जात, आणि मला बघून अजिबात पळाले नाहीत. इथली माणसंसुद्धा तशीच. नुसती बघत राहतात.

२ मे

आता मला सगळं कळलं.

घर विकताहेत! गेटपाशी घरं विकणारी बाई आली होती, गुलाबी गाडीतून. नेव्हिल तिच्याशी हळू आवाजात बोलत होता, हातवारे करून. मी कपडे वाळत घालायला गेले तर दोघं गप्प. नंतर ती आत आली आणि मलाच म्हणाली की काळी वीट बघून गिऱ्हाईक घाबरतं, पांढरी झाली की खोली दुप्पट दिसते. मेलबर्नचं एक जोडपं तोंडी हो म्हणालंय. सत्तावीस तारखेला, शनिवारी, पांढरी भिंत बघून सही करणार.

आता नेव्हिलचं बघा. पहिल्या दिवशी विटा वाजवत होता. शनिवारी टेप घेऊन आला, भिंतीची लांबी-रुंदी मोजली, हातावर पेनानं लिहून घेतली. कालही आला. फोटो काढले — अख्ख्या भिंतीचे नाहीत, खालच्या डाव्या कोपऱ्याचे, गुडघे टेकून. मला विचारतो, "काकू झोपल्यात का?" झोपल्यात म्हटल्यावर त्यांच्या टेबलावरचे कागद चाळले. मी खोकले. म्हणाला, चष्मा शोधतोय. चष्मा नाकावर!

आणि दर वेळी तेच — किती दिवस लागतील, किती दिवस लागतील.

विटांच्या मागे काहीतरी असणार. किंवा नसेलही, नुसतं घरच हवं असेल. नवरा अकरा वर्षांपूर्वी गेला, मूल नाही, बाई बोलत नाहीत फारशा. अशा माणसाला घराबाहेर काढणं किती सोपं. एक कागद पुढे करायचा, सही इथे काकू, आणि झालं. या बाईंचं घर जाणार आणि ते घालवायला पांढरा रंग मी लावणार!

नाही. असं मी होऊ देणार नाही.

३ मे

रंग आणायला गेले. हार्डवेअरचा क्लाईव्ह दात कोरत होता. कुठली भिंत ते सांगितल्यावर थांबला.

त्याच्याकडून कळलं ते असं. सदुसष्ट सालच्या फेब्रुवारीतल्या वणव्यात या खोऱ्यातली लाकडी घरं एका दुपारी गेली. उभी राहिली फक्त धुरांडी. मैलभर नुसती धुरांडी, घरं नाहीत. मर्लबाईंचा नवरा लिंडसे गाडा घेऊन हिंडला, प्रत्येक पडक्या धुरांड्यातल्या विटा गोळा केल्या आणि पुढच्या हिवाळ्यात आपल्या घरात ही भिंत बांधली. एकोणीस घरांच्या विटा. म्हणून मापं वेगळी. अजून फेब्रुवारीत लोक येतात, आपापल्या विटांवर हात ठेवतात, चहा पिऊन जातात. क्लाईव्हच्या आईच्या विटा फळीच्या वर उजवीकडे आहेत.

"आणि तू ती पांढरी करणार," तो म्हणाला. "तुला भूक लागलीय म्हणून."

मला राग आला. पण डबे त्यानंच काढून दिले. दोन पांढरे आणि एक लहान — लाखेचं अस्तर. आधी हे लाव, नाहीतर आतली काजळी रंगातून वर येईल, कितीही हात मार. दोनदा बजावलं.

म्हणजे बाई अशा भिंतीला आपणहून पांढरी कर म्हणतील? शक्यच नाही. नेव्हिलनंच चिठ्ठी लिहायला लावली असणार.

८ मे

रंगाचा पहिला हात दिला. अस्तर लावलं नाही.

डबा कपडे धुण्याच्या खोलीत, टबामागे ठेवलाय.

१० मे

आले! डाग आले! काल भिंत दुधासारखी होती. आज सकाळी तपकिरी ओघळ, कपातून चहा सांडावा तसे. मर्लबाई जवळ जाऊन बघत राहिल्या. बोटानं एक डाग पुसून बघितला. मग म्हणाल्या, पुन्हा लाव.

नेव्हिल आला, बघितलं, आणि हसला. चक्क हसला! काय शिजतंय याच्या डोक्यात?

१३ मे

दुसरा हात. डाग तसेच. खोली थंडगार. बाई आता कोटावर शालही घेतात. शेकोटी पेटवू का विचारलं. ओल्या रंगाला धूर लागेल, म्हणाल्या. रंग वाया जाऊ नये याची त्यांनाच काळजी.

१७ मे

काही नाही. दहिवर. नळ गोठला.

२० मे

बाई कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मी मदतीला बसले. नेव्हिलनं सांगितलं असणार, आवर म्हणून.

विचारावं असं वाटलं — तुम्हाला जायचंय का? विचारलं नाही. धाकातली माणसं खरं बोलत नाहीत. मी एका माणसाच्या मळ्यावर काम करायचे, त्याची आई पण असंच करायची, विचारलं की छान चाललंय म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलायची, गरज नसताना.

माझा कप मात्र त्यांनी गुंडाळला नाही. निळ्या पट्ट्यांचा. हुकावर वेगळा लटकवून ठेवलाय, सगळ्यात शेवटी.

२४ मे

तिसरा हात. क्लाईव्हनं रस्त्यात गाठलं, अस्तर वाळू दिलंस ना नीट, असं विचारलं. हो म्हटलं.

नेव्हिल पुन्हा टेप घेऊन आला. या वेळी छिन्नीपण होती पिशवीत, मी पाहिली. बाईंशी आत काहीतरी बोलणं झालं. त्याचा आवाज चढला, त्यांचा नाही. जाताना दार आपटलं. बघा, सही करत नाहीयेत वाटतं बाई. धीराच्या आहेत.

२७ मे

मेलबर्नवाले आले.

मर्लबाईंनी केस नीट करून घेतले होते, ब्रोच लावला होता. भोपळ्याचे स्कोन, चहाबरोबरचे छोटे पाव, केले होते. मला वाटलं बिचारी, आपलं घर घालवणाऱ्यांना खाऊ घालतेय.

डाग आज सगळ्यात वाईट होते. काल पाऊस झाला त्याची ओल. मेलबर्नच्या बाईनं भिंतीजवळ जाऊन नाक लावलं, वास घेतला. नवऱ्याला विचारलं, धुरांड्याला आतून आग लागून गेली असेल का? घरं विकणारी बाई भराभर बोलायला लागली. नवरा शेकोटीत डोकं घालून वर बघून आला. स्कोन खाल्ले नाहीत. गाडीत बसायच्या आधी तिथेच अंगणात नाही म्हणून सांगून टाकलं.

मी खोलीत जाऊन उशीत तोंड घालून हसले. वाचलं घर!

२८ मे

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर टेबलावर अस्तराचा डबा. झाकण न उघडलेला. मर्लबाई समोर बसलेल्या.

मी सगळं सांगून टाकलं. नेव्हिल, टेप, फोटो, छिन्नी. तो तुम्हाला घराबाहेर काढतोय हे मला कळलं होतं. म्हणून मी.

त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं होतं पोरी, मला वाचवायला?"

घर त्यांनीच विकायला काढलंय. नेव्हिलचा विरोध होता पहिल्यापासून. त्याच्या आईवडिलांचं घर त्या वणव्यात गेलं, डावीकडच्या खालच्या विटा त्यांच्या. गेटपाशी तो त्या बाईला, विकू नका, अशी गळ घालत होता. माप घेत होता ते घर विकलं जायच्या आधी आपल्या विटा काढून नेता येतात का बघायला. टेबलावर चाळत होता ते कागद विक्रीचे. फाडणार होता कदाचित.

बाईंना जायचं होतं उत्तर किनाऱ्याला, पेंग्विन नावाच्या गावी. म्हाताऱ्यांच्या वसाहतीत त्यांची शाळेतली मैत्रीण आयव्ही राहते, तिच्या शेजारची खोली रिकामी झालीय. एकतीस तारखेपर्यंत धरून ठेवली होती. घर विकलं गेलं तर.

भिंतीचं विचारलं मी. म्हणाल्या, लिंडसेनं ती बांधली तेव्हा मला विचारलं नव्हतं. पंचावन्न वर्षं लोक येतात, हात लावून रडतात, आणि मी चहा ठेवते. एकोणीस घरांची काजळी मी पुसली. माझ्या घरात मला टेकून बसायला एक भिंत नव्हती.

"पेंग्विनच्या खोलीत भिंतीवर काहीच नाही," म्हणाल्या. "मी बघून आलेय. एक खिळा आहे. कॅलेंडरसाठी."

मग उठून त्यांनी मलाच अंडी उकडून दिली.

३० मे

नेव्हिल आला. भला मोठा सामन वर्तमानपत्रात गुंडाळून, माझ्यासाठी. डागांचं ऐकून क्लाईव्हनं ओळखलं म्हणे, अस्तर लावलंच नव्हतं. खांद्यावर हात ठेवला.

"मी तुझ्यावर उगाच संशय घेत होतो," म्हणाला. "मला वाटलं तू काकूंच्या बाजूची."

मासा घेतला मी. काय करणार.

१ जून

आयव्हीचा फोन आला. खोली दुसऱ्या कुणाला दिली. बाई "बरं" म्हणाल्या आणि हवेबद्दल बोलत राहिल्या.

४ जून

अस्तर लावलं, त्यावर दोन हात. डाग येत नाही. भिंत पांढरी आहे. शेकोटी पेटवली, बाई समोर बसल्यात, कोट काढून. कपबशा परत मांडून झाल्या. मला म्हणाल्या, हिवाळाभर राहा हवं तर.

एक गोष्ट इथे लिहिली नव्हती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक पाकीट टपालात टाकायला दिलं होतं, आयव्हीच्या नावाचं. डिंक नीट लागला नव्हता. वाटेत वाचलं मी. त्यांच्याच अक्षरात होतं सगळं — की मला इथून निघायचंय, नेव्हिल अडवतोय, पण भिंत पांढरी झाली की घर जाईल, एक पोरगी मिळालीय कामाला, बरी आहे.

घर गेलं की माझी खोलीही जाणार, हे मला टपालपेटीसमोरच कळलं. पाकीट चिकटवलं, पेटीत टाकलं. घरी आले आणि नेव्हिलवर पानभर लिहिलं.