ओवून ठेवलेल्या सुया

आईस, इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आमच्या नाचाच्या चमूचा हा तिसरा देश, तिसरा उत्सव. बाकीचे नटूनथटून मिरवतात, मी पडद्यामागे त्यांचे उसवलेले घागरे शिवत बसते.

काल इथल्या मिरवणुकीचे पिढीजात झगे बघायला गेले. ते दुरुस्त करणाऱ्या आजी तुझ्यासारख्याच, सुई खांद्यावर कपड्याला टोचून ठेवणाऱ्या. मला बघताच त्यांनी सुई-दोरा पुढे केला. भाषेवाचून काही अडलं नाही. माझ्याकडून सगळ्या सुया ओवून घेतल्या, तेव्हा कुठे मला उठू दिलं.

घरून निघताना मी तुझ्याही सुया खोचायच्या उशीला सुया ओवून टोचल्या होत्या. हल्ली फोनवर विचारलं की म्हणतेस, "सध्या शिवायला काही नाहीच गं." फोटोत मात्र दादाच्या शर्टाला बटण नाही.

सुया संपल्या ना, आई? डोळे दाखवायला मी आल्यावर जाऊ, पण तोवर वहिनीला सांग की ओवायला. त्यात कसला आलाय कमीपणा? त्या आजींनी तर ओळख ना पाळख, सरळ माझ्यापुढे सुई धरली.

तुझी,
भिंगरी