पायरीपर्यंतचा दवणा

३० मार्च १९५८, रविवार
‘दवणा लावणाऱ्या बायांनो! तुमच्या हातचा दवणा पिंडीवर जातो, तुम्ही मात्र देवळाच्या पायरीवरूनच परत फिरता.’ दारव्ह्याच्या सभेत माझ्या या वाक्याला टाळ्या. घरी येऊन थोरल्या बहिणीला, आक्काला, सांगितले. ती वाफ्यातले गवत काढत होती.
‘बाया होत्या का सभेत?’
नव्हत्या.

३१ मार्च
दवणा कापला. आक्का विळ्याने, मी नुसता ओढत. बोटांना अजून वास. चैत्री पुनवेला शुक्रवारी महादेवाला वाहायचा. ‘सावलीत बाजेवर पसर,’ म्हणून ती शेजारी गेली. मला धूळ दिसली. विहिरीवर जुड्या धुतल्या, ओल्या पोत्यात गुंडाळल्या. देवाचे काम स्वच्छ हवे.

१ एप्रिल
पोते उघडले. गरम वाफ, आंबूस वास, सगळा काळा.
आक्काने एक जुडी उचलून हुंगली. मग, ‘बापू, दवणा होता. मेथी समजला काय? एवढे बुकं वाचते न तू?’
वाफ्याच्या कोपऱ्यात एक ओळ उरली आहे.

२ एप्रिल
दारव्ह्याहून विकत आणतो म्हणालो.
‘नको. अकरा वर्सं झाले पेरून राह्यली. पिंडीवर माहा दवणा कसा दिसते, मले ठाव नाही. गुरव बाहीर येऊन सांगते, चांगला दिसला, बाई.’
अकरा वर्षे मी व्यासपीठावर. हिला कधी विचारले नाही.
उरलेली ओळ तिनेच कापली. टोपलीचा तळही झाकेना. काड्या हलवत म्हणाली, ‘पायरीवर ठेवाले कमी हाय. पन एकेकीच्या हातात एक काडी पुरते.’

३ एप्रिल, गुरुवार
सकाळी गुरव भेटला. बायांना आत का येऊ देत नाही, विचारले. ‘गुरुजी, मी कोन अडवनारा? पयलेपासून असंच हाय.’ माझा आवाज चढला. आक्काने बाही ओढली.
‘त्याले कायले सांगतं? आमाले सांग. अन् थोडक्यात सांग.’
दुपारी अंगणात गल्लीतल्या बाया जमताहेत. काड्या बाजेवर, सावलीत. कोण येईल, कोण घरूनच मागे फिरेल, कळत नाही. आक्काने नवे लुगडे काढून ठेवले आहे.
चार पानांचे भाषण लिहिले होते, फाडले. एवढेच बोलणार:
बायांनो, उद्या काडी पायरीवर ठेवू नका. हातात धरा आणि उंबरा ओलांडा.