सांधा धरायला माणूस

प्रिय बुटके,

अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून घे. गुडघ्यावर कागद ठेवून लिहितोय.

तुझा स्वयंपाकाचा ओटा बसवला तो दिवस आठवतोय. तुझ्या उंचीच्या बेताचा, नेहमीपेक्षा जरा खाली केला होता. जावईबापू म्हणाले, लोक हसतील. तू फाडकन म्हणालीस, हसू देत, माझी कंबर तर वाचेल! दुधी रंगाच्या ॲक्रिलिकच्या, दगडासारख्या फळीचे तीन तुकडे जोडले होते मी, पण घासून सांधे असे नाहीसे केले की तू नखानं शोधत बसलीस आणि शेवटी हरलीस. किती बडबडायचीस तेव्हा.

मग मागच्या खेपेला पुढची कड फुटली म्हणून आलो. तू म्हणालीस, पातेलं हातातून निसटलं. अगं, निसटलेलं पातेलं ओट्यावर वरून आपटतं. ही कड समोरून फुटली होती. काहीतरी जड, जोरात भिरकावलेलं, तुझ्या कमरेच्या उंचीवर. मी विचारायला तोंड उघडलं, तर उत्तर जावयानं दिलं, हिचे हातच लोण्याचे. तू हसलीस, पण आधी त्याच्याकडे बघून. एवढ्या उकाड्यात तुझ्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. तो माझ्या पाठीशी उभा होता, म्हणून मी मुकाट्यानं कड भरली, घासली, गुळगुळीत केली. पांढरी धूळ उडत होती.

आज सकाळी त्याचाच फोन. बेसिनजवळ ओटा तडकलाय, येऊन गुपचूप करून द्या, म्हणाला. मी म्हटलं, तिला फोन द्या जरा. म्हणाला, ती बोलत नाहीये. बरं नाही का, विचारलं, तर फोन ठेवला. तुझा फोन बंद. बुटके, असा घाबरलो नव्हतो गं मी कधी.

आता नीट वाच. हा कागद मी हात पुसायच्या फडक्यात गुंडाळून तुला देईन. न्हाणीघरात जाऊन वाच. तडकलेल्या जागी नवा तुकडा चिकटवताना तो दोन्ही बाजूंनी दाबून धरावा लागतो. त्यासाठी शिकंजा असतो, तो मी मुद्दाम घरी ठेवलाय. दाबून धरायला जावयाला लावणार आहे. हात सोडलात तर सगळा ओटा वाया जाईल, असं बजावणार आहे. त्याचे दोन्ही हात गुंतले की तू चपला घाल आणि जिना उतर. काही घेऊ नकोस. मागे बघू नकोस. माझी काळजी करू नकोस, मी येतो मागून. मी तुमच्या इमारतीखालीच गाडीत बसून हे लिहितोय. शेजारी तुझी आई आहे. गाडीचं दार उघडं ठेवून बसेन म्हणतेय.

भीती वाटली तरी पाऊल उचल, बाळा.

वर यायला निघालेला,
तुझाच बाबा