क्लाइनबेकांची भिंत

४ मार्च २००६, हिल्सबरो

नातीचं नाव सिद्धी. आडनाव क्लाइनबेक! बाळाला न्हाऊ-माखू मी घालायचं, डिंकाचे लाडू मी वळायचे आणि नाव चालणार त्यांचं. रीतच आहे म्हणा. तरी पोटात दुखलंच.

८ मार्च

पाळणा आणायला जावयाबरोबर, मार्कबरोबर, हॅमिल्टनला गेले. विहीणबाईंकडे पहिल्यांदाच. मार्गरेट एकट्याच राहतात. व्याही वारले असावेत, मी काही विचारलं नाही.

पॅसेजची अख्खी भिंत फोटोंनी भरलेली! हा क्लाइनबेक ताऱ्यांचा अभ्यासक, ही ऑपेरात गायची, ह्याला होडीच्या शर्यतीत पदक... बाई एकेकावर बोट ठेवतायत आणि मी जळतेय. शेवटी विचारलं, "तुमचे कोण हे?" तर म्हणतात कशा, "कोणीच नाही. आडनाव तेवढं एक!"

परक्यांच्या जिवावर एवढा तोरा!

९ मार्च

ह्यांना पुण्याला फोन केला. "अहो, आपल्या कोंढाळकरांत कोणी गाजलंय का?"

"माझे काका. तलाठी होते. सस्पेंड झाले तेव्हा पेपरात आलं होतं."

फोन ठेवून दिला.

१४ मार्च

बाळाचं नाक म्हणे क्लाइनबेकांचं! माझ्या माहेरचं आहे ते.

१९ मार्च

बारसं झालं. घर भरून माणसं! न्यू लिनच्या दमयंतीने पाळणा म्हटला. मी ओळखी करून देत होते – हा माझा भाचा नितीश, ही चुलत नणंद सुरेखा... विहीणबाई खिडकीपाशी, एकट्या. मी सगळ्यांसमोर विचारलंच, "तुमच्या भिंतीवरचं कोणी नाही का आलं?"

सगळे हसले. त्याही हसल्या. मग प्लेट तशीच ठेवून लवकर निघाल्या. बरं वाटलं! खोटं कशाला लिहू?

२१ मार्च

लेक, श्रुती, परवापासून माझ्याशी बोलत नव्हती. आज बोलली. "आई, मार्क दोन वर्षांचा असताना त्याचे बाबा घर सोडून गेले. त्यांच्याकडचं कुणी पुन्हा फिरकलं नाही. शाळेत फॅमिली ट्री काढायला सांगितला, तर हा रडत घरी आला. तेव्हा त्याच्या आईने ते फोटो जमवले."

हॅमिल्टनला फोन लावला. त्यांनीच उचलला. मी नुसतं "मार्गरेट..." म्हटलं.

"काय झालं?" त्या घाबरून विचारत होत्या. "बाळ बरं आहे ना?"