संध्याकाळपर्यंत अशुद्ध

ता. ९ ऑगस्ट

प्रिय भाऊजी,

प्रभूच्या नावात सलाम. जाऊबाईंच्या गुडघ्याला आता उतार असेल अशी आशा करते. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. ठकीचा पुढचा दात पडलाय, त्यामुळे ‘स’ म्हणायला गेली की शिट्टी वाजते, आणि तिला ‘ससा’ म्हणायला लावणं हा आमच्या मजल्यावरच्या रिकामटेकड्यांचा उद्योग झालाय. माझं चष्म्याच्या दुकानातलं काम चालू आहे. नंबर तपासायला येणारी काही माणसं फळ्यावरची अक्षरं आधीच पाठ करतात आणि मला फसवल्याच्या आनंदात चुकीचा चष्मा घेऊन जातात.

तुमच्या नातवाच्या बाप्तिस्म्याचे फोटो पाहिले. बाळ गोड आहे. तुम्ही त्याला हातांवर घेतलंय तो फोटो हे बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, “दादा म्हातारा दिसायला लागला गं.” आपल्याला बोलावलं नाही, हे ते बोलले नाहीत.

‘सगळे बरे आहोत’ असं वर लिहून गेले, ती सवय. हे बरे नाहीत, भाऊजी.

मार्चमध्ये यांच्या बसखाली ते मूल आलं, तेव्हा तुम्ही फोनवर पहिलं विचारलंत, “दोष कुणाचा?” तुम्ही चर्चचे पाळक, पाळकाने विचारावं असंच विचारलंत, माझी तक्रार नाही. पोरगं उभ्या ट्रकमागून धावत आलं होतं, बसला वेग नव्हता, सगळ्यांनी तेच सांगितलं. चौकशी होऊन चालकाचा दोष नाही असं ठरलं. तुम्ही म्हणालात, “मग प्रभूचे आभार माना. संपलं.”

संपलं नाही. लोक गोळा होऊन ओरडत होते तेव्हा यांनी त्याला उचललं आणि दवाखान्याकडे पळत सुटले. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना तो यांच्या हातांवर गेला. तेव्हापासून हे हात धूत असतात. बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात, साबण लागला की कळ जाते, तरी धुतात. ठकी उचलून घे म्हणून हात वर करायची, तर हे आपले हात खिशात घालायचे. आता ती हात वर करत नाही. चर्चला येतात, पण पायरीपर्यंत. उपासना संपेपर्यंत बाहेर बसून राहतात.

मी एकदा चिडले. “अहो, दोष नाही म्हणाले ना सगळे?”

“ते मलाही माहीत आहे,” म्हणाले. “दोष असता तर क्षमा मागितली असती. आता काय मागू? पाप नाही, आणि हात तर असे झालेत.”

मग गेल्या महिन्यात बुधवारच्या शास्त्राभ्यासात आमच्या पाळकबाईंनी मोशेच्या नियमशास्त्रातला तो तांबड्या कालवडीचा भाग घेतला. तुम्ही तो कितीदा शिकवला असेल. जिच्या मानेवर कधी जू ठेवलं नाही अशी कालवड छावणीबाहेर नेऊन जाळायची, तिची राख वाहत्या पाण्यात मिसळायची, आणि प्रेताला शिवलेल्या माणसावर ते पाणी शिंपडायचं. आमचे सुतारमामा नेहमीसारखे म्हणाले, “बाई, ते यहुद्यांचं जुनं. आपल्याला ख्रिस्त मिळाल्यावर राखेचं काय काम?” सगळे हसले.

मला हसू येईना. मी विचारलं, “बाई, प्रेताला शिवणं हे पाप होतं का?”

“नाही हो,” बाई म्हणाल्या. “बाप गेला तर मुलाने उचलायलाच हवं. पाप नाही, तरी अशुद्ध.”

“मग त्याने स्वतः धुऊन घेतलं तर?”

“नुसत्या त्याने भागत नसे. आधी दुसऱ्या कुणी, शुद्ध असलेल्याने, त्याच्याजवळ जाऊन शिंपडायचं. आणि गंमत बघा, त्या पाण्याला हात लावणारा स्वतः संध्याकाळपर्यंत अशुद्ध व्हायचा.”

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच. त्या जुन्या लोकांना हे ठाऊक होतं, भाऊजी. दोष कुणाचा हे त्यांनी विचारलंच नाही. मरण अंगाला लागलं ना, मग ते एकट्याने निघत नाही, एवढं ओळखलं आणि परत यायची वाट ठेवली. सुतारमामांचं खरं आहे, आता राख लागत नाही. आपला प्रभू वेशीबाहेर क्रुसावर गेला आणि सगळ्यांचं मरण त्याने अंगावर घेतलं. पण म्हणजे तो जवळ आला. त्याचं नाव लावणारे आम्ही मात्र ‘प्रार्थना करतो’ असं लांबून सांगतो आणि आपले कपडे स्वच्छ ठेवतो.

मागच्या रविवारी दुपारी दार वाजलं. एक बाई. मी ओळखलं नाही, यांनी ओळखलं. त्या मुलाची आई. हे उठून स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

“मला भांडायचं नाही,” ती म्हणाली. “एक विचारायचंय फक्त. शेवटी तुमच्याजवळ होता ना. काही बोलला का तो?”

मग आतूनच आवाज आला, “बूट पडला म्हणाला. ‘काका, माझा बूट पडला.’ मी म्हटलं, आणतो हं बाळा.”

“नवे होते,” ती म्हणाली. “एक नंबर मोठेच घेतले होते. पाय वाढतो म्हणून.”

आणि ती तशीच आत गेली. यांच्यासमोर उभी राहिली. “दाखवा हात.” हे मागे सरले. “नको बाई, हे हात नका...” तिने ऐकलं नाही. दोन्ही हात ओढून घेतले, भेगांवरून बोटं फिरवली, आणि त्यांत आपलं तोंड खुपसलं. “माझ्या लेकराला शेवटचे हेच लागले हो.” भाऊजी, मार्चपासून यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या दिवशी हे ओट्याला टेकून लहान मुलासारखे रडले. मी ठकीला घेऊन बाहेरच्या खोलीत उभी होते. दोघांना मध्येच पाणी द्यावं की नाही, तेही कळेना.

ती गेल्यावर मी खिडकीतून पाहिलं. समोरच्या थांब्यावर ती बसली होती. बस आली, गेली. दुसरी आली, गेली. ती उठेना. तेव्हा मला पाळकबाईंचं ते शिंपडणाऱ्याबद्दलचं बोलणं आठवलं. आमच्याकडचं काहीतरी ती घेऊन गेली होती आणि आता एकटी बसली होती. मी चपला घालून खाली गेले आणि तिच्या शेजारी बसले. अंधार पडायला लागला तेव्हा ती म्हणाली, “येते,” आणि बसमध्ये चढली.

फार काही पालटलं असं नाही. बस हे पुन्हा चालवणार नाहीत, डेपोत सुट्या भागांच्या गोदामात काम घेतलंय. हात अजून धुतात, थोडे कमी. काल ठकीची वेणी घातली, वाकडी. चर्चमध्ये मात्र अजून पायरीच. परवा मी विचारलं, आत कधी येणार? तर म्हणाले, “दादा आला तर.”

मामंजी गेल्यावर तुम्हीच यांना वाढवलंत, शाळेत हात धरून नेलंत, हे ते अजून सांगतात. बाप्तिस्म्याला बोलावलं नाहीत, कारण पाहुण्यांत कुजबुज झाली असती, हे मला जाऊबाईंच्या बहिणीकडून कळलं. यांना मी सांगितलेलं नाही. त्यांना बहुधा कळलंय.

भाऊजी, या. प्रवचन नको, प्रार्थनाही नंतर. त्या पायरीवर तुमच्या भावाशेजारी बसा, लोकांना दिसेल असे. लोक बोलतील. तुमच्या अंगालाही थोडं लागेल, तेवढं लागू द्या. आणि दारातूनच विचारपूस करून परत फिरायचं असेल, तर मात्र येऊ नका. तेवढं सोसायची ताकद आता या घरात राहिलेली नाही.

तुम्हाला अजूनही भाऊजीच म्हणणारी,
तुमच्या भावाची बायको